गर्भपिशवी काढायलाच सांगितलीय, काय करू? (नाशिक, सिडको)

सिडकोची पोळीवाली

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचतेय, आज लिहायचा धीर केला. नाव नको. सिडकोत उत्तमनगरच्या बाजूला माझं पोळी-भाजी केंद्र आहे, अंबड एमआयडीसीतली पोरं डबे नेतात. वय ४३. मुलगी दहावीला, मुलगा सातवीत. दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, मुलाच्या वेळीच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन उरकलं.

गेल्या दिवाळीपासून पाळीनं नको केलंय. आधी चार दिवसांत मोकळी व्हायचे, आता आठवडा उलटला तरी थांबत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाठी पडतात. पॅडवर पॅड लावून तव्यापुढे उभी राहते आणि थोड्या वेळात ओलं लागायला लागतं. समोर गिऱ्हाईक, हातात लाटणं आणि डोक्यात एकच, मागून गाऊनला डाग तर नसेल ना. मदतीला मावशी आहेत. त्यांच्याकडे नुसतं बघायचं, त्या मान हलवतात, मग मी वळते. जिना चढताना धाप लागते, केस विंचरले की गुंताच हातात येतो. आणि एक वेडेपणा म्हणजे तांदूळ निवडताना मूठभर कच्चेच तोंडात टाकते. मुलगी ओरडते, पण राहवत नाही.

एका खासगी दवाखान्यात दाखवलं. हिमोग्लोबिन ७.९ निघालं. सोनोग्राफीत लिहिलंय, बल्की युटेरस, मागच्या भिंतीत ३ सेंटिमीटरचा फायब्रॉइड, एंडोमेट्रियल थिकनेस १३ मिलिमीटर, नॅबोथियन सिस्ट. डॉक्टर म्हणाले, मुलं झालीत ना, मग ठेवून काय करायचंय, उद्या कॅन्सर झाला तर? पुढच्या आठवड्याची तारीखही देऊन टाकली. जाऊबाई म्हणतात, काढून टाक, कटकट मिटेल. येवल्याची आई म्हणते, पिशवी काढली की बाईचं अंग पोकळ होतं. आमचे हे म्हणतात, तू ठरव. म्हणजे झालं.

अजून एक आहे, लिहू की नको करत होते. संबंधाच्या वेळी दुखतं. आधी नव्हतं, गेलं वर्ष-दीड वर्ष आहे. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत मुलगी रात्री बारापर्यंत अभ्यास करते, मधे पडदा. डॉक्टरांना सांगणारच होते, पण दार उघडं, पुढची पेशंट आत येऊन उभी. काय बोलणार?

नवरात्रात वणीच्या गडावर जायचं म्हणून मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या होत्या. त्यानं तर हे झालं नसेल? आणि पिशवी काढली की नवरा-बायकोत फरक पडतो का? खरं खरं सांगा.

सिस्टर नाशिकरोड

अगं, माझ्या लेकीच्या वयाची आहेस म्हणून एकेरीतच लिहिते. माझी उभी नोकरी सरकारी दवाखान्यात, लेबर रूम आणि बायकांच्या वॉर्डात गेली. मी डॉक्टर नाही, औषध लिहून देणार नाही. पण डॉक्टरांना काय विचारायचं ते पक्कं सांगते.

आधी ती पुढच्या आठवड्याची तारीख लांबव. कदाचित शेवटी ऑपरेशनच लागेल, ते मी आत्ता नाकारत नाही. पण ७.९ हिमोग्लोबिनवर ठरवून करायच्या ऑपरेशनला भूल देणारे डॉक्टरसुद्धा कां-कूं करतात. रक्त तर आधी वाढवावंच लागेल. घाई कधी करायची ते ऐक. तासाला एक पॅड पूर्ण भिजतोय आणि असं दोन-तीन तास चाललंय, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येतेय, बसल्या जागी छाती धडधडतेय, तर तवा बंद करायचा आणि थेट त्र्यंबक नाक्यावरचं जिल्हा रुग्णालय गाठायचं. पोळ्यांचं मावशी बघतील. तू जे लिहिलंयस ते त्याच्या काठावरच आहे, म्हणून सांगते. आणखी एक, नसबंदी झालेली असली तरी पाळी चुकून मग रक्त गेलं आणि पोट दुखलं तर आधी लघवीची टेस्ट. क्वचित होतं, पण नळीतला गर्भ जीवावर बेततो.

कच्च्या तांदळाला वेडेपणा म्हणू नकोस. अंगातलं लोह खूप उतरलं की असलं काहीबाही खावंसं वाटतं. कुणी पाटीवरची पेन्सिल खातं, कुणी भिंतीचे पोपडे, कुणी फ्रीजमधला बर्फ कुरतडत बसतं. वॉर्डात मी बायकांना हे आधी विचारायचे, रक्ताचा रिपोर्ट मागून यायचा. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत ५७ टक्के निघाल्या. म्हणून घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही. दमली असेल, म्हणतात. जेवणात नाचणी, अळीव, पालेभाजी, लोखंडी कढई सगळं चालू दे, वर लिंबू पिळ. पण ७.९ वरून गूळ-शेंगदाणे खाऊन बारा होत नाही आणि बीटाचा रस लाल असतो म्हणजे त्याचं रक्त होत नाही. गोळी लागेल, किंवा डॉक्टर शिरेतून लोह देतील. एफसीएम म्हणून सलाइनमधून देतात, रक्त इतकं कमी आणि वर दर महिन्याला जातंय, तेव्हा ते सोयीचं पडतं. गोळी घेतलीस तर चहासोबत नाही, चहाच्या मागेपुढे तासभर सोड. शी काळी होते, घाबरू नकोस. आणि हिमोग्लोबिन बाराला टेकलं की गोळ्या बंद, असं करू नकोस, अंगातला साठा भरायला पुढे तीनेक महिने चालू ठेवायला सांगतात.

आता तो सोनोग्राफीचा कागद. बायका त्यातल्या इंग्रजीनंच अर्ध्या मरतात. बल्की म्हणजे पिशवी जरा मोठी, जाड. दोन बाळंतपणं झालेल्या बाईची असते थोडी मोठी. नॅबोथियन सिस्ट म्हणजे पिशवीच्या तोंडावर चिकट स्राव साचून झालेला फोड, त्याला कुणी हातही लावत नाही. ३ सेंटिमीटरचा फायब्रॉइड, म्हणजे पिशवीतली साधी गाठ, असंख्य बायकांना असतो, बऱ्याच जणींना आयुष्यभर कळतसुद्धा नाही, पाळी गेली की तो आपोआप आकसतो. त्याचा कॅन्सर होणं अगदी क्वचित. तुझा भिंतीत आहे म्हणतेस, तो आतल्या पोकळीत शिरलाय का हे विचार, रक्त जास्त जायला ते कारण होतं. आणि १३ मिलिमीटर अस्तर पाळीच्या कितव्या दिवशी मोजलं? पाळीच्या तोंडावर ते तेवढं असतंच, पाळी संपल्या संपल्या असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणजे रक्त का जातंय, हे अजून कुणी शोधलेलंच नाही. थायरॉइड केलं का? थायरॉइड कमी काम करत असेल तर पाळी अशीच वाहते, केस गळतात, दम लागतो. चाळिशीच्या पुढे जास्त रक्त जात असेल तर अस्तराचा तुकडा तपासतात, बायोप्सी. बारीक नळी आत घालून ओपीडीतही घेता येतो, पाळीसारखी कळ येते, थोडक्यात आटपतं. कॅन्सरची भीती घालायची असेल तर आधी हा तुकडा तपासा ना बाबांनो! पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी वेगळी, पॅप किंवा एचपीव्ही (तो कॅन्सर करणाऱ्या विषाणूची). व्हिनेगर लावून बघायची पद्धतही आहे, तिशीनंतरच्या बायकांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत ती आहे, आशाताईला विचार.

कारण कळलं की मग उपाय. पाळीच्या दिवसांपुरत्या रक्त कमी करणाऱ्या गोळ्या असतात, ट्रानेक्झॅमिक ॲसिड, ज्यांना कधी रक्ताची गुठळी झाली त्यांना चालत नाहीत. दुसरी हार्मोनची तांबी, मिरेना म्हणून लोक ओळखतात. ती आतल्या आत थोडं थोडं हार्मोन सोडते, रक्तस्राव खूपच कमी होतो, पाच वर्षं काम भागतं. पहिले तीन-सहा महिने मात्र थेंब थेंब डाग लागत राहतात आणि तेवढ्यात वैतागून बऱ्याच जणी काढून टाकतात, हे आधीच मनाशी धरून जा. नंतर काहींची पाळी बंदच होते. रक्त आत साचतं, हे खोटं, अस्तरच वाढत नाही तर साचणार काय? यातलं काहीच लागू पडलं नाही, तर ऑपरेशन आहेच.

गोळ्या घेऊन वणीला गेलीस म्हणून फायब्रॉइड झाला नाही. त्या बंद केल्यावर एखादी पाळी जोरात येते. पण अंगात रक्त नसताना, न तपासता, मेडिकलवाल्याच्या सल्ल्यानं घ्यायच्या त्या गोळ्या नाहीत.

राहिलं शेवटचं, तू सगळ्यात खाली लिहिलंस ते. ते खालचं नाही. योनीच्या तोंडाशी दुखतं की आत खोल? तोंडाशी असेल तर कोरडेपणा असतो, चाळिशीत सुरू होतो, किंवा जंतुसंसर्ग. पांढरं जातंय का, वास-खाज आहे का, असलं तर औषध दोघांनाही लागू शकतं. खोल दुखत असेल आणि पाळीतही कळा येत असतील तर पिशवीच्या भिंतीत अस्तर शिरलेलं असतं कधी कधी, ॲडिनोमायोसिस म्हणतात, बल्की पिशवीचं ते एक कारण. म्हणजे हे दुखणं तुझ्या रक्तस्रावाच्याच तपासणीतलं आहे, वेगळी लाजायची गोष्ट नाही. आणि दुखेल या भीतीनंच खालचे स्नायू आवळून धरायची सवय लागते, मग जास्तच दुखतं. त्यावर फिजिओथेरपी असते.

एक विचारते, उत्तर इथे नको, स्वतःला दे. दुखतं तेव्हा 'आज नको' म्हणता येतं का घरात? येत नसेल तर डॉक्टरांना तेही सांगायचं असतं.

दुसरं मत घ्यायला आडगावचं मेडिकल कॉलेज आहे, जिल्हा रुग्णालय आहे, तुला नाशिकरोड लांब नसेल तर महापालिकेचं बिटको आहे. रिपोर्ट सगळे घेऊन जा. आत गेल्यावर आधी म्हण, मॅडम, दार लावता का, मला एकटीला बोलायचंय. म्हणायचं. मी वॉर्डात असताना जी बाई असं म्हणायची तिचं दार मी स्वतः लावून बाहेर उभी राहायचे.

बागायतीण, पिंपळगाव

सिस्टरांचं सगळं वाचलं, पटलं. पण इथे प्रत्येक वेळी पिशवी काढणाऱ्या बाईकडे बिचारी फसली अशा नजरेनं बघतात, म्हणून लिहिते. मी काढली. माझा फायब्रॉइड नारळाएवढा होता, लघवी अडायची, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. काढल्यावर मी माणसात आले.

फक्त मी विचारून काढली. अंडाशय ठेवणार का, हे पहिलं. चाळिशीत तीही काढली तर पाळी जाण्याचा त्रास एका रात्रीत सुरू होतो, घाम, झोप नाही, पुढे हाडं ठिसूळ, हृदयालाही वाईट. माझी ठेवली, नळ्या मात्र काढल्या, त्यानं अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो म्हणाले. अंडाशय ठेवली तरी पाळी जायचं वय थोडं अलीकडे येऊ शकतं, हेही सांगितलं होतं. पोट फाडून, दुर्बिणीतून की खालून, हे दुसरं. संमतीचा फॉर्म सही करायच्या आधी घरी आणून लेकाकडून वाचून घेतला.

तारीख मी माझ्या हिशोबानं धरली. आमची द्राक्षबाग, ऑक्टोबरात गोडी छाटणी, मग डिपिंग, थिनिंग, माल निघेपर्यंत मार्च. एप्रिलमध्ये खरड छाटणी. मधल्या फटीत केलं, तरी दीड-दोन महिने जड उचलायचं नाही म्हटल्यावर घरात सगळ्यांची तोंडं वाकडी. तुम्ही पोळीवाल्या, पिठाचा डबा कोण उचलणार ते आधी ठरवा.

संबंधाचं विचारलंत. डॉक्टरांनी तपासून हो म्हणेपर्यंत, साधारण सहा-आठ आठवडे, नाही. नंतर? माझं तरी बरं झालं. आधी पोटात गोळा, सतत रक्त, कुणाला इच्छा होणार? अंग पोकळबिकळ काही होत नाही हो, आतड्यांना जागा होते, बस.

आमच्या बागेत पेठ-सुरगाण्याच्या बाया येतात थिनिंगला. सकाळी सातला मांडवाखाली, संध्याकाळपर्यंत हात वर. आडोसा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत, कापड बदलत नाहीत. यंदा मी बागेच्या कडेला पत्र्याचा संडास बांधला, पाण्याची टाकी ठेवली. मालक म्हणाले, खर्च कशाला? म्हटलं, बाई आजारी पडून गेली की तुम्ही करा थिनिंग.

वैद्य, पंचवटी

आता कुणीतरी काढा सुचवणारच, म्हणून मीच आधी लिहिते. मी आयुर्वेदाची डॉक्टर आहे, गणेशवाडीत शिकले, आता स्वतःचं क्लिनिक आहे. ताई, या हिमोग्लोबिनवर माझ्याकडे आलात तरी मी आधी तुम्हाला स्त्रीरोगतज्ज्ञांकडेच पाठवेन. जास्त रक्त जाणं आमच्याही ग्रंथांत आहे, त्यावर द्रव्यं आहेत, मी देते. पण निदान झाल्यावर आणि त्यांच्या उपचारांबरोबर. कारण न शोधता अरिष्टाच्या बाटल्या रिचवत सहा महिने काढलेल्या बायका माझ्याकडे येतात, तेव्हा रक्त पाच-सहावर आलेलं असतं. अरिष्टात गूळ असतो, शुगर असेल तर तेही बघावं लागतं. एकीकडे लोहाची गोळी, दुसरीकडे कुणीतरी दिलेलं लोहभस्म, असं दोन्ही चालू ठेवू नका, डॉक्टरांपासून लपवू तर अजिबात नका.

माझं म्हणणं राहणीपुरतं. तुम्ही पहाटे उठून कणीक भिजवत असणार, झोपता बारा-साडेबाराला, पोरीचा अभ्यास होईपर्यंत. जेवता शेवटचा डबा गेल्यावर, उभ्या उभ्या. बरोबर? त्या अंगाला इच्छा होत नाही यात नवल काय? आणि ते व्ही-वॉश वगैरे घेत असाल तर सोडा. योनी आतून स्वतःला स्वच्छ ठेवते, तिथले चांगले जंतू साबणानं मरतात आणि मग खाज, कोरडेपणा वाढतो. बाहेरून साधं पाणी पुरे.

सिडकोची पोळीवाली

उभ्या उभ्याच जेवते, तुम्हाला कसं कळलं?

सोनोग्राफी पाळीच्या दोन दिवस आधी झाली होती. थायरॉइड केलेलंच नाही, कुणी म्हणालंही नाही. पाळीत पोट-कंबर खूप दुखते. संबंधाचं आत खोल दुखतं. 'नको' म्हणता येतं, हे तसे नाहीत. पण मीच म्हणत नाही, कारण मग दोन दिवस घरात कुणी कुणाशी नीट बोलत नाही. तारीख पुढे ढकलली. फोनवर त्यांची रिसेप्शनिस्ट म्हणाली, काही झालं तर आम्ही जबाबदार नाही.

सातपूरचा एक

बायकांच्या धाग्यात पुरुषानं घुसावं का, माहीत नाही. आमच्याकडे हाच विषय झालाय म्हणून लिहितो. डॉक्टरीणबाईंनी मलाही आत बोलावलं आणि सरळ विचारलं, तुमची शुगर, बीपी, गोळ्या कुठल्या? त्याचा परिणाम पुरुषावरही होतो, मग घाई होते, तिची तयारी व्हायच्या आतच सगळं. मी कानापर्यंत लाल. पण बाहेर आल्यावर आम्ही शालिमारला चहा प्यायलो आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यावर बोललो. काही दिवस 'ते' नाहीच असं ठरवलं, नुसतं जवळ बसणं. मेडिकलमध्ये पाण्यावर बनलेलं जेल मिळतं, ते आणलं. खोबरेल लावायचं असेल तर कंडोम असताना नको, त्यानं रबर फाटतं, हेही तिथेच कळलं.

ताई, तुमच्या मिस्टरांना 'तू ठरव' म्हणून सुटू देऊ नका. पुढच्या तपासणीला सोबत न्या, सुट्टी टाकायला लावा.

सिस्टर नाशिकरोड

जबाबदार नाही म्हणाली ना? लक्षात ठेव ते वाक्य. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण गाजलं तेव्हा नीलम गोऱ्ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली होती. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. तिथेही हीच भाषा, कॅन्सर होईल, मुलं झालीत ना. पाळीमुळे खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, म्हणून बायका स्वतःहूनही तयार व्हायच्या. विनाकारण पिशव्या काढू नयेत म्हणून केंद्र सरकारची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना ती तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. तू फुकटची शंका घेत नाहीयेस, हे त्या रिसेप्शनिस्टला नाही पण तुला कळावं म्हणून लिहिलं.

बागायतीणबाईंनी लिहिलंय ते एकदम नेमकं, त्यांचा नारळ आणि तुझे ३ सेंटिमीटर यांना एकच औषध कसं असेल?

सोनोग्राफी पाळीच्या तोंडावर होती, म्हणजे १३ मिलिमीटरनं मी हादरले नसते. तरी बायोप्सी सोडू नकोस. खोल दुखतं, पाळीत कंबर धरते, पिशवी जाड. हे तिन्ही एका दमात डॉक्टरांना सांग, कागदावर लिहून ने. आत गेल्यावर निम्मं विसरतं.

सिडकोची पोळीवाली

मंडळी, उशिरा लिहितेय, केंद्र आणि दवाखाना यातच दिवस गेले.

ह्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. गर्दी होती, दोन खेपा झाल्या. पण ज्या मॅडम भेटल्या त्यांना मी म्हटलं, दार लावता का? त्यांनी लावलं. कागद काढून वाचून दाखवला, हात थरथरत होते, पण वाचला.

थायरॉइड कमी काम करतंय असं निघालं, म्हणजे रक्तात टीएसएच वाढलेलं, गोळी सुरू झाली, सकाळी उपाशीपोटी. लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब घ्यायची म्हणाल्या, म्हणून ती दुपारी. एफसीएमचं सलाइन झालं. बायोप्सीत काही वाईट नाही. दुसऱ्या सोनोग्राफीत ॲडिनोमायोसिसच वाटतंय, फायब्रॉइड पोकळीपासून लांब आहे. पिशवी काढायची आज तरी गरज नाही, असं त्यांनी लिहूनच दिलं. मिरेना बसवली. बसवताना चांगलंच दुखलं, कुणी दुखत नाही म्हणालं तर ऐकू नका.

आता डाग चालू आहेत. रोज. रक्त जात नाही, पण पँटीलायनर सुटत नाही आणि वैताग येतो. तांदूळ खाणं मात्र थांबलं, कधी थांबलं कळलंही नाही, परवा निवडून डबा भरला तेव्हा मुलगीच म्हणाली.

संबंधाचं अजून नाही. पण केंद्र बंद केल्यावर दुपारी घरात कुणी नसतं, हे रविवारी घरी असतात आणि मुलं क्लासला, तेव्हा आम्ही नुसते बोलत पडतो. त्यांनाही शुगरची तपासणी करायला लावली, बॉर्डरवर आहे. जाऊबाई म्हणतात एवढं करण्यापेक्षा काढून टाकली असती तर मोकळी झाली असती. आई खूश आहे, तिचं वेगळंच कारण.

सिस्टर, दोन विचारायचंय. डाग चालू असताना चैत्रात गडावर गेले तर चालेल का, पायऱ्या झेपतील? आणि मॅडमनी मुलीला एचपीव्हीची लस द्या म्हटलं, ती पंधरा पूर्ण झालीय, बोर्डाची परीक्षा आहे, नंतर दिली तर?

सिस्टर नाशिकरोड

पायऱ्या पाचशेच्या आसपास आहेत. हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलंय का ते आधी बघ, नाहीतर फ्युनिक्युलर ट्रॉलीनं जा, ती त्यासाठीच आहे. डागांचं म्हणशील तर देवीच्या दारात जायचं की नाही हे तुझं आणि सासूबाईंचं, तब्येतीच्या बाजूनं अडचण नाही. फक्त पाळी ढकलायच्या गोळ्या पुन्हा घेऊ नकोस, आत आधीच हार्मोन आहे.

मिरेनाचे धागे जागेवर आहेत का, हे बघायला सहा आठवड्यांच्या सुमारास बोलावतील, ते चुकवू नकोस. मधेच खूप रक्त गेलं, ताप आला, पोटात कळ बसली तर तारखेची वाट न बघता जा.

लस परीक्षेनंतर लगेच दे, महिन्याभरानं काही बिघडत नाही. पंधरा पूर्ण झाल्यावर तीन डोस असतात, आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. त्याआधी घेतली असती तर दोनात भागलं असतं. पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक आहे, बाहेरच्या लशीपेक्षा स्वस्त पडते. दंड दुखतो एखादा दिवस. चक्कर येऊ शकते, म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसवून ठेव, आणि उपाशी नेऊ नकोस. मुलाचंही विचार, लस मुलग्यांनाही चालते.